नाताळचा देखावा आणि इतिहासाची साक्ष

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की वसईच्या वाड्यांतून, मुंबईच्या जुन्या गावठाणांतून आणि गोव्याच्या गावोगावी ख्रिस्तजन्माचे देखावे उभे राहू लागतात. बांबू, गवत, माती आणि रंगीत कागद यांतून एक गोठा आकाराला येतो. त्यात मरिया आणि योसेफ, गव्हाणीत निजवलेले बाळ, बाजूला बैल आणि गाढव, दाराशी मेंढपाळ व मागून उंटांसह येणारे तीन राजे असतात. छपरावर कापसाचे हिम पसरलेले असते आणि त्यावर एक कागदी तारा लुकलुकत असतो. हा देखावा जगभर इतका रूढ झाला आहे की, तो शुभवर्तमानातूनच जसाच्या तसा उचलला असावा, असे ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर दोघेही सहजपणे धरून चालतात. वस्तुतः गोठा, बैल, गाढव, उंट, राजे, त्यांची तीन ही संख्या आणि हिम यांपैकी एकाचाही उल्लेख शुभवर्तमानातील जन्मकथेत नाही.

ही गोष्ट ध्यानात आली की काही चिकित्सक मंडळींना इतिहासाशी प्रामाणिक असा देखावा करण्याची ओढ लागते. पहिल्या शतकातील यहूदियात घर कसे असे, गव्हाण कशाची असे, बायामाणसे काय नेसत, दिवा कोणत्या घडणीचा असे, याचा शोध घेऊन लहान आकारात ते सारे उभे करायचे, असा हा उद्योग आहे. काहींना तो निव्वळ छांदिष्टपणा वाटेल, तर काहींना भाविकांच्या आनंदात विनाकारण घातलेला खोडा. प्रस्तुत लेखकाला तो तसा वाटत नाही. मात्र या उद्योगाचे मोल कपड्यांच्या किंवा भांड्यांच्या अचूकपणात नाही. तो नेटाने केला तर देखाव्यातील माणसेच बदलतात, आणि एका गावावर शतकानुशतके ठेवलेला ठपका पुसला जातो.

मूळ मजकूर काय सांगतो?

चार शुभवर्तमानांपैकी जन्मकथा मत्तय आणि लूक या दोघांनीच सांगितली आहे, आणि त्या दोन कथा एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत. लूकच्या कथेत शिरगणती, गव्हाण आणि मेंढपाळ आहेत. तारा नाही आणि पूर्वेकडील ज्ञानी पुरुषही नाहीत. मत्तयाच्या कथेत तारा, ज्ञानी पुरुष, हेरोद राजाचा क्रोध आणि इजिप्तकडे पलायन आहे. गव्हाण नाही आणि मेंढपाळही नाहीत. शिवाय मत्तयाचे ज्ञानी पुरुष एका घरात प्रवेश करतात, आणि हेरोद दोन वर्षांपर्यंतच्या मुलग्यांच्या हत्येचा हुकूम देतो. त्यावरून ही भेट जन्मरात्रीची नव्हे, हे उघड आहे. मेंढपाळ आणि हे पाहुणे एकाच दाराशी उभे करणे ही पुढील काळातील कलावंतांनी साधलेली तडजोड आहे.

पाहुण्यांची संख्या मत्तयाने दिलेली नाही. भेटवस्तू तीन, म्हणून माणसे तीन, असा हिशेब नंतरच्यांनी केला. रोमच्या भुयारी दफनभूमींतील प्राचीन भित्तिचित्रांत हा हिशेब अजून पक्का झालेला दिसत नाही. एका ठिकाणी ते दोन आहेत, तर दोमितिल्लाच्या दफनभूमीत चक्क चार. राव्हेन्नाच्या सहाव्या शतकातील प्रसिद्ध कुट्टिमचित्रात मात्र ते तीन आहेत, त्यांच्यावर नावे लिहिलेली आहेत आणि डोक्यावर पूर्वेकडील धाटणीच्या टोप्या आहेत. राजमुकुट त्यांच्या मस्तकी चढायला आणखी काही शतके जावी लागली.

बैल आणि गाढव यांची कथा अधिक मनोरंजक आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथारंभी आपल्या धन्याला आणि त्याच्या गव्हाणीला ओळखणाऱ्या या दोन प्राण्यांचा दाखला येतो, आणि तेथून ते ख्रिस्ती कलेत आले. मिलानच्या संत अँब्रोज चर्चमधील चौथ्या शतकाच्या एका शवपेटिकेवर बाळ आहे, बैल आहे, गाढव आहे. मरिया आणि योसेफ मात्र नाहीत. म्हणजे मूळ कथेत नसलेल्या या जनावरांनी देखाव्यात खुद्द मातापित्यांच्याही आधी जागा पटकावली होती!

काळाचा प्रश्न याहून अवघड आहे. २५ डिसेंबर या दिवसाचा पहिला निश्चित पुरावा रोममधील इ. स. ३३६ च्या सुमाराच्या नोंदीत मिळतो. हेरोद राजा इ. स. पूर्व ४ मध्ये मरण पावला असे बहुतेक अभ्यासक मानतात. तर लूकने उल्लेखलेली, क्विरिनियस सुभेदार असतानाची शिरगणती इ. स. ६ मधील आहे. या दोहोंत सुमारे दहा वर्षांचे अंतर पडते. येशूचा जन्म बेथलेहेमात नव्हे, तर नाझरेथातच झाला असावा, असे मानणारे अभ्यासकही पुष्कळ आहेत. इतिहासाचा आग्रह धरणाऱ्याने हे सारे आधीच मान्य केले पाहिजे. त्या रात्रीचे चित्र इतिहास आपल्या हाती देऊ शकत नाही. तो देऊ शकतो ते एवढेच : लूकने आपली कथा लिहिली तेव्हा त्याच्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे कोणते घर, कोणती गव्हाण आणि कोणती माणसे उभी राहिली असतील, याचे बऱ्यापैकी विश्वसनीय अनुमान.

गोठा की घर?

लूक गोठ्याविषयी अवाक्षर काढत नाही. बाळाला गव्हाणीत ठेवले, कारण दुसरीकडे जागा नव्हती, एवढेच तो सांगतो. गव्हाण आली म्हणजे गोठा आलाच, असे युरोपातील वाचकाने ठरवले. कारण त्याच्याकडे माणसे घरात आणि गुरे गोठ्यात राहत होती. ‘जागा नव्हती’ ती कोठे, याविषयीही असाच गोंधळ झाला. मराठी बायबलच्या रूढ भाषांतरात तेथे ‘उतारशाळा’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द आहे ‘कातालुमा’. हाच शब्द लूकने पुढे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरला आहे, आणि तेथे त्याचा अर्थ घरातील पाहुण्यांची खोली असा होतो. खरोखरीच्या, पैसे देऊन उतरण्याच्या सराईसाठी लूकपाशी दुसरा शब्द होता. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात त्याने तो वापरला आहे, आणि तेथे सराईचा मालकही आहे. जन्मकथेत मात्र असा कोणी मालक नाही. इंग्रजीतील एका बहुप्रचलित भाषांतराने आपल्या २०११ च्या आवृत्तीत ‘सराई’ गाळून ‘पाहुण्यांची खोली’ असा बदल केला आहे.

हा मुद्दा आजकालच्या पंडितांनीच काढला असे नाही. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्सिस्को सांचेस यांनी ख्रिस्ताचा जन्म गोठ्यात झाला नाही, असे मत मांडले होते. त्यासाठी १५८४ मध्ये त्यांना धर्मन्यायासनापुढे जाब द्यावा लागला, आणि ताकीद घेऊन सुटावे लागले. नाताळच्या देखाव्यातील एका छपराविषयी शंका घेणे एके काळी किती महागात पडत असे, याचा हा नमुना आहे.

गोठा नाही, तर मग काय? येथे पॅलेस्टाईनमधील ग्रामीण घरांचा अभ्यास उपयोगी पडतो. बेथलेहेमला लागूनच असलेल्या बैत जाला गावचे वैद्यकतज्ज्ञ आणि लोकसंस्कृतीचे संशोधक तौफिक कनान यांनी १९३३ मध्ये तेथील शेतकऱ्यांच्या घरांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. अशा घरात खोली बहुधा एकच. दाराजवळचा भाग खोलगट. तेथे रात्री जनावरे बांधायची. तीन-चार पायऱ्या चढून गेले की उंच ओट्यासारखा भाग. तेथे कुटुंबाचे जेवणखाण आणि झोपणे. या दोहोंच्या सीमेवर, माणसांच्या बाजूच्या जमिनीलगत गव्हाणी. हे वर्णन विसाव्या शतकातील असल्याने ते पहिल्या शतकावर जसेच्या तसे लादता येणार नाही. परंतु माणसे आणि जनावरे एका छपराखाली राहण्याची त्या भूमीतील रीत फार जुनी आहे, आणि चुनखडीच्या त्या डोंगराळ मुलुखात घरांना जोडून असलेल्या गुहाही कोठारासाठी व गुरांसाठी वापरल्या जात. त्यामुळे ख्रिस्तजन्म गुहेत झाला ही दुसऱ्या शतकापासून चालत आलेली परंपरा आणि घराचे हे अनुमान यांत विरोध मानण्याचे कारण नाही. घाटावरच्या जुन्या शेतकरी घरांत पुढच्या सोप्यात गुरे आणि आत माणसे अशी मांडणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजायला अवघड जाऊ नये.

माती आणि चांदी

गव्हाण कशाची होती, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतो. पण त्याच्या उत्तरात या साऱ्या परंपरेचा स्वभाव प्रकट झाला आहे. बेथलेहेममध्ये दाखवल्या जाणाऱ्या गुहेचा आणि गव्हाणीचा उल्लेख तिसऱ्या शतकात ऑरिजेनने केला आहे. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाईनच्या काळी त्या गुहेवर भव्य चर्च उभे राहिले. आज आपण पाहतो ती वास्तू मुख्यतः सहाव्या शतकातील जस्टिनियन बादशहाच्या काळची असून, २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारा संत जेरोम ३८६ पासून बेथलेहेमातच राहिला. तेथे दिलेल्या एका प्रवचनात त्याने खंत व्यक्त केली आहे की, भक्तीपोटी लोकांनी मातीची गव्हाण हलवली आणि तिच्या जागी चांदीची बसवली. आपल्याला मात्र ती मातीचीच अधिक मोलाची वाटते. पुढे रोममधील सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये गव्हाणीचे अवशेष म्हणून लाकडी फळ्यांची पूजा होऊ लागली. २०१९ मध्ये त्यांतील एक लहानसा तुकडा बेथलेहेमकडे परत पाठवण्यात आला. युरोपातील देखाव्यांत गव्हाण लाकडाची असते, याचे कारण युरोपात लाकूड मुबलक आहे. यहूदियाच्या डोंगरात मुबलक होते ते दगड आणि माती.

तेव्हा ज्याला प्रामाणिक देखावा करायचा आहे, त्याने पांढुरक्या ओबडधोबड दगडांच्या भिंती उभाराव्यात. वर तुळया, काटक्या आणि मातीचे धाबे घालावे. जमीन दोन पातळ्यांची करावी आणि गव्हाण दगडाची किंवा मातीने लिंपलेली असावी. भिंतीच्या कोनाड्यात हेरोदकालीन म्हणून ओळखला जाणारा, पसरट तोंडाचा साधा मातीचा दिवा ठेवावा. धान्याचे रांजण, दगडी जाते आणि गुंडाळलेली अंथरुणे तर हवीतच. पण त्याहून महत्त्वाची आहेत ती मऊ चुनखडीच्या दगडातून कोरलेली पेले-भांडी. जेरुसलेमच्या आसपास त्या काळी ती मोठ्या प्रमाणावर होत. हिझ्मा येथे तर त्यांचे कारखानेच सापडले आहेत. दगडाला विटाळ लागत नाही, या यहुदी धर्मनियमामुळे अशी भांडी घरोघरी असत. तो लहानसा पेला घरातील माणसे कोण होती ते सांगतो.

वस्त्रांच्या बाबतीत भक्कम पुरावा उपलब्ध आहे. यिगाएल यादिन यांनी १९६० आणि १९६१ मध्ये मृत समुद्राच्या पश्चिमेकडील एका गुहेत केलेल्या उत्खननात दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील यहुदी कुटुंबांचे कपडे मिळाले. दोन आयताकृती लोकरी पट खांद्यावर जोडून केलेला झगा, त्यावर खांद्यापासून खाली उतरणारे दोन रंगीत पट्टे आणि वरून पांघरायची चौकोनी शाल, असा तो वेष होता. देखाव्यातील योसेफाला जो बदावी धाटणीचा रुमाल व अंगरखा चढवतात, तो एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रकारांनी प्रवासात पाहिलेल्या अरबांचा. पूर्वेकडे काही बदलतच नाही, या समजुतीतून तो आला. ‘ऐतिहासिक’ म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी देखाव्यांत हीच गफलत असते. पांढऱ्या दाढीचा वृद्ध योसेफही शुभवर्तमानातील नव्हे. तो नंतरच्या कथाग्रंथांतून आलेला आहे.

फ्रान्सिसचा हेतू

मग संत फ्रान्सिसचे काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. इटलीतील ग्रेच्चो गावी १२२३ च्या नाताळात असिसीच्या फ्रान्सिसने गवताने भरलेली गव्हाण मांडवली. जिवंत बैल आणि गाढव आणवले, आणि त्या गव्हाणीवरच मिस्सा साजरी झाली. तेथे मूर्ती नव्हत्या. त्या बाळाचे दारिद्र्य आणि त्याने सोसलेली गैरसोय डोळ्यांनी पाहता यावी, एवढाच फ्रान्सिसचा हेतू होता. त्याचा चरित्रकार थॉमस याने पाच-सहा वर्षांतच ही हकिकत लिहून ठेवली आहे. फ्रान्सिसला पुरातत्त्व साधायचे नव्हते. दूरची गोष्ट जवळ आणायची होती.

त्याच मार्गाने पुढे प्रत्येक प्रदेशाने बेथलेहेम आपल्या गावात आणले. अठराव्या शतकात नेपल्सच्या देखाव्यांत भाजीवाले, खानावळवाले आणि भिकारी यांनी गर्दी केली. त्याच सुमारास जवळच हर्क्युलेनियम आणि पाँपेई यांची उत्खनने सुरू झाली, आणि देखाव्यातील गोठ्याच्या जागी भग्न रोमन मंदिराचे खांब दिसू लागले. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चे बंद झाली, तेव्हा मार्सेयच्या लान्येल नावाच्या कारागिराने साच्यातून काढलेल्या स्वस्त मातीच्या बाहुल्या घरोघर पोहोचवल्या. त्यांत पाववाला, कोळीण आणि धार लावणाराही होता. ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागात तर ‘पौर्वात्य’ आणि ‘देशी’ असे देखाव्यांचे दोन पंथच आहेत. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त ही कथा मराठी ओवीत आणली. गोव्यातील एखाद्या देखाव्यात भातशेती आणि माड दिसतात, ते याच परंपरेला धरून आहे.

या देखाव्यांना इतिहासाची कसोटी लावणे अन्यायाचे होईल. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारे पोर शिवाजी महाराजांशेजारी प्लॅस्टिकचा वाघ ठेवते, म्हणून त्याला कोणी रागे भरत नाही. परंतु कोणी प्रतापगडाची प्रतिकृती म्हणून काही मांडले, तर बुरुज कोठे आणि माची कोठे हे आपण अवश्य विचारतो, आणि विचारायलाच हवे. पहिला आपल्या मनातील किल्ला उभारतो, दुसरा इतिहासाविषयी दावा करतो. दोघांनी आपापला दावा ओळखला की भांडणाचे कारण उरत नाही. गैर काय, तर बदावी रुमाल, लाकडी गव्हाण आणि तीन मुकुट एकत्र करून त्याला ‘अस्सल’ असे नाव देणे.

परतलेली माणसे

आता मूळ मुद्द्याकडे यावे. गोठ्याच्या जागी घर आले की काय होते? पाहुण्यांची खोली आधीच भरलेली होती, म्हणून त्या घरातील माणसांनी आपल्या राहत्या भागात बाळंतिणीला जागा दिली, असा लूकच्या वाक्याचा अर्थ होतो. देखाव्यातील एकाकी जोडपे नाहीसे होते आणि त्याच्या जागी माणसांनी भरलेले एक गरीब घर दिसू लागते. घरची म्हातारी आहे, पाणी तापवणाऱ्या बाया आहेत, सुईण आहे. पूर्वेकडील चर्चच्या जन्मचित्रांत बाळाला न्हाऊ घालणाऱ्या सुइणी पूर्वापार आहेत. पश्चिमेकडील देखाव्यांतून मात्र त्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. ज्या गावाशी योसेफाचा कुळसंबंध होता, त्या गावात एका गर्भवतीला कोणी उंबऱ्याच्या आत घेतले नाही, ही कल्पना बाळंतिणीला एकटी न सोडणाऱ्या कोणत्याही ग्रामीण समाजाला पटणारी नाही.

तरीही कित्येक शतके प्रवचनांतून आणि शाळांच्या नाताळनाटकांतून दार लावून घेणारा एक सराईवाला उभा केला जात आहे. मजकुरात नसलेल्या या माणसाच्या निमित्ताने एका संपूर्ण गावाला निष्ठुर ठरवले गेले. ते गाव यहुदी होते आणि ते बाळही यहुदी होते, हे युरोपच्या देखाव्यांतून पुसले गेले. निळ्या डोळ्यांच्या, गोऱ्यापान मूर्तींपुढे गुडघे टेकणाऱ्या समाजांनी यहुद्यांना ख्रिस्ताचे परके शत्रू मानावे, यात देखाव्याचाच सर्व दोष होता असे कोणी म्हणणार नाही. पण त्या विस्मरणाला त्याने हातभार लावला, हे नाकारता येत नाही. कोनाड्यातील तो चुनखडीचा पेला म्हणूनच महत्त्वाचा आहे.

आणि बेथलेहेम केवळ भूतकाळात नाही. जगभर विकल्या जाणाऱ्या ऑलिव्हच्या लाकडी देखाव्यांतील कितीतरी आजही तेथील पॅलेस्टिनी कारागीर कोरतात. २०२३ च्या नाताळात, गाझातील युद्धाच्या छायेत, त्या गावाने सार्वजनिक सोहळे रद्द केले. तेथील एका ल्युथरन चर्चने देखावा मांडला तो पडक्या घराच्या ढिगाऱ्याचा, आणि बाळ ठेवले त्या दगडविटांत. पुरातत्त्वाच्या दृष्टीने त्यात एकही वस्तू पहिल्या शतकाची नव्हती. तथापि गव्हाणीत बाळ ठेवण्याची पाळी माणसांवर का येते, हे त्यातून कळत होते. फ्रान्सिसलाही तेच दाखवायचे होते.

यावरून इतिहास निरुपयोगी ठरतो, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. भक्तीचा देखावा आणि इतिहासाचा देखावा ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्हींची गरज आहे. ज्यांना यंदा दुसरे काम करून पाहायचे असेल, त्यांनी तारा, हिम आणि उंट बाजूला ठेवून आधी घर बांधावे. जमीन दोन पातळ्यांची करावी, गव्हाण मातीची ठेवावी, आणि मग बाजारातून आणलेल्या संचात नसलेली माणसे आपल्या हाताने घडवावीत. ज्यांनी त्या रात्री सरकून जागा करून दिली, ती घरची माणसे देखाव्यात पहिल्यांदा यायला हवीत.